साडेबाराच्या आधी लावलेली कडी

माझ्या मावशीला थाप मारता येत नाही. मारायला गेली की आधी कान लाल होतात. म्हणून सांगतो, हे घडलेलं आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. रात्रीची नाही... भर दुपारची.

इथे परदेशात, आमच्या शहराच्या ऐन मध्यात, बँका आणि ऑफिसांच्या गर्दीत एक जुनं मेथडिस्ट चर्च आहे. त्याच्या तळघरात रोज दुपारी कोणालाही फुकट जेवण मिळतं. नाव विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. शंभराच्या वर वर्षं झाली या कामाला. तिथलं स्वयंपाकघर मावशीच्या ताब्यात. पातेल्यापाशी कोणी लुडबुड केली, तर डाव घेऊनच अंगावर जाते.

नियम एकच, पण कडक. साडेबारापर्यंत दाराला कडी लावायची नाही.

कारण जुनं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी, साथीच्या वर्षी तेव्हाच्या पास्टरांनी आजाराला घाबरून एक दिवस कडी लावून घेतली. बर्फ पडत होता. बाहेर रांग तशीच उभी राहिली. संध्याकाळी दार उघडलं, तेव्हा पायऱ्यांवर सात जण गारठून मरून पडले होते.

मावशीला हे तोंडपाठ. तरी त्या दिवशी तिच्याकडून चूक झाली.

सव्वाबारालाच पातेल्याचा तळ दिसला. आलेल्या माणसाला तोंडावर 'संपलं' म्हणायचं तिच्या जिवावर आलं. तिने गुपचूप कडी लावली. पंधरा मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं?

ठक...

"संपलं हो! उद्या या!" ती आतूनच ओरडली.

ठक ठक... ठक...

मग दारभर हात पडायला लागले. वर, मध्ये... अगदी गुडघ्याच्या उंचीवरसुद्धा.

कोणीतरी खोकलं. बूट घासल्याचे आवाज आले. बरेच बूट.

तळघराच्या खिडकीतून फुटपाथवरच्या रांगेचे पाय दिसतात. मावशीने वर पाहिलं...

एकही पाय नव्हता.

तेवढ्यात तिला आठवलं, टोपीवाले आजोबा आज आलेच नाहीत! रोज सगळ्यांत शेवटी येणारे म्हातारे गृहस्थ. दिवसभरात तेवढंच एक जेवण त्यांच्या पोटात जायचं.

"अगं बाई, काय करून बसले मी!"

तिने धावत जाऊन कडी काढली. आवाज एकदम थांबला.

दारात आजोबा आडवे पडले होते. ओठ निळे. दोन्ही हात कोटाच्या खिशात... घट्ट.

मग दार वाजवत कोण होतं?

आजोबा वाचले, देवाची कृपा. शुद्धीवर येताच मावशीला विचारतात कसं, "पोरी, माझ्या मागच्यांना मिळालं का गं?"

"मागे कोण होतं, आजोबा?"

"पुष्कळ जण होते. एक लहानगी पण होती. मला हात उचलवेना, म्हणून त्यांनीच दार वाजवलं."

"मावशी, गारठ्याने माणूस काहीही बरळतो," आताचे पास्टर म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः स्क्रू काढून ती कडी उतरवली!

तेव्हापासून आजोबा रोज दारात थांबायचे. "आधी यांना जाऊ दे," म्हणत रिकाम्या पायरीला वाट द्यायचे. लोक हसायचे. मावशी मात्र दार धरून उभी राहायची.

परवा ते तडक आत आले आणि खुशीत टेबलाशी बसले.

"आज मागे कोणी नाही, आजोबा?" तिने जीव मुठीत धरून विचारलं.

"आता कशाला बाहेर थांबतील? सगळे आतच राहतात की. जेवण झालं तरी हलत नाहीत. तुझं काम आवरायची वाट बघत बसतात."

सगळे गेल्यावर वाडगे विसळायला मावशी तिथे एकटीच असते.

आज सकाळी तिचा फोन आला. "दुपारी येशील का रे सोबतीला? काही करू नकोस. नुसता बस."

मी हो म्हणालो खरं. अकरा वाजून गेलेत... अजून घरातून पाय निघत नाही.