स्पीकरवरचा लाल ठिपका

"मॅडम, तुमचा उजवा स्पीकर मेलाय."

पेट्रोल पंपावर खिडकीशी येऊन अनोळखी माणूस असं म्हणाला, तर तुम्ही काय कराल? मी काच वर करायला घेतली. फियाटची काच सावकाश वर जाते, तेवढ्यात त्याने एक कार्ड आत सरकवलंच. "सहदेव – कार टेप आणि स्पीकर, चारकोप." हसला, स्कूटरला किक मारली आणि गेला.

स्कूटरवर बसून ह्याला माझा स्पीकर कसा ऐकू आला? कुठेतरी पाणी मुरत होतं.

संशय आमच्या घरात बाळकडूबरोबरच पाजतात. दादा, म्हणजे माझे वडील गुणाजी, दुकानातले सगळे नारळ कानाशी हलवून शेवटी पहिलाच घेतात. डोळ्यांमुळे त्यांनी गाडी सोडली, तेव्हापासून बोरीवलीच्या आमच्या कॉलनीत मी, अनुपमा, गाडी चालवणारी एकमेव मुलगी. विक्रोळीच्या कारखान्यात ट्रेसर आहे, यंत्रांचे नकाशे गिरवते. रेघ जरा वाकडी गेली तरी मला दिसते.

त्याच महिन्यात लवूमामाने दुबईहून टेप, दोन लंबगोल स्पीकर आणि आवाज वाढवणारा बूस्टर पाठवला. अस्सल जपानी. बसवायला माणूस हवा होता, आणि हाताशी कार्ड एकच होतं, सहदेवचं. दादांनी बजावलं, "डोळ्यांत तेल घालून बस हां. हे लोक ओरिजिनल काढून डुप्लिकेट बसवतात."

मी त्याच्या एक पाऊल पुढे. माझं लाल नेलपॉलिश काढलं आणि प्रत्येक वस्तूच्या मागे एक बारीक ठिपका दिला. आता बदल म्हणावं!

पहिल्या रविवारी सहदेवने फक्त जुन्या वायरी उपसून नव्या टाकल्या.

"बस? एवढंच?" मी विचारलं.

"मॅडम, सगळं एकदम नाही करायचं. आठवडाभर ऐका, मग पुढचं. कानाला सवय लागावी लागते."

"वायरींची?"

"सवय काय... कशाचीही लागते." तो मागच्या सीटवर वाकला होता, मी पुढे. आरशात नजरानजर झाली आणि मी उगाच गिअर चाचपला.

दुसऱ्या रविवारी मागच्या काचेखाली स्पीकर बसले. तिसऱ्या रविवारी टेप. डाग देताना कथलाचा निळा धूर निघायचा. तो माझ्याकडे येऊ नये म्हणून सहदेव हाताने वारा घालायचा. एवढी काळजी कशाला? मला त्याचाही संशय आला. आणि मी रविवारी इस्त्रीची साडी का नेसत होते, हे मला विचारू नका.

बुधवारी तांदळाचं पोतं ठेवायला डिकी उघडली. वर बघितलं तर दोन्ही स्पीकरांची पाठ कोरी.

"ठिपके गायब!" मी किंचाळले.

दादा बाल्कनीतून ओरडले, "बोललो होतो ना मी!" अख्ख्या कॉलनीने ऐकलं. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरी शिवदासकाकांनी आपल्या गाडीचं त्याला दिलेलं काम रद्द केलं, आणखी दोघांनीही केलं. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही. स्पीकर गेले म्हणून नव्हे... तो तसा निघाला म्हणून.

चौथ्या रविवारी रिकामे खोके घेऊनच धडकले. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं.

"माझे ओरिजिनल स्पीकर काढा बाहेर! चोर कुठले!"

गिऱ्हाईक उठलं आणि चालतं झालं. सहदेवचा चेहरा उतरला. त्याने दोन्ही स्पीकर काढून माझ्या हातात दिले. "मागे नंबर कोरलाय. खोक्यावरचा वाचा."

वाचला. पुन्हा वाचला. दोन्ही नंबर तेच होते.

"मग... माझे ठिपके?"

"ते लाल? बसवण्याआधी मी सगळं पेट्रोलने पुसतो, हाताचं तेल राहू नये म्हणून." तो थांबला. "मला वाटलं, नवीन वस्तू म्हणून घरच्यांनी पूजा करून कुंकू लावलंय. नमस्कार करून पुसलं हो मी."

धरणीमाते, पोटात घे! नमस्कार करणाऱ्या माणसाला मी चोर म्हटलं होतं.

"आज बूस्टर लावतो. काम संपलं," तो म्हणाला. "परत यायची गरज नाही."

स्पीकर परत चढवले, बूस्टर सीटखाली गेला. सगळं दीड तासात! त्याने कॅसेट लावली आणि गाडीत सनई अशी घुमली की माझ्या अंगावर काटा आला. पण तिकडे लक्ष कुणाचं? मी घड्याळ बघत होते.

"दीड तास? मग नुसत्या वायरींना अख्खा रविवार कसा लागला?"

तो स्क्रू मोजायला लागला.

"सहदेव, मी तुम्हाला विचारतेय."

"सगळं मिळून एका दिवसाचं काम होतं," तो खाली बघत म्हणाला. "चार रविवार मी केले. पंपावर पण... स्पीकर ऐकून नाही आलो. तुम्हाला बघून आलो. स्पीकर मेलाय, ते खिडकीशी आल्यावर कळलं, पण ते खरं."

म्हणजे माझा संशय खरा होता! फसवणूक झालीच होती, फक्त मी भलत्याच ठिकाणी शोधत होते. रागवावं म्हणून तोंड उघडलं, पण राग काही येईना.

"कारखान्यात मी तासाचा हिशेब ठेवते," मी म्हटलं. "पहिल्याच रविवारी कळलं होतं, काम लांबतंय. तरी विचारलं नाही मी."

"का?"

"गाडीत बस, सांगते."

कॉलनीत पोचलो तेव्हा दादा, शिवदासकाका आणि आणखी चारजण खाली बाकावर बसले होते. बरंच झालं. मी हॉर्न वाजवला.

"सगळ्यांनी ऐका! हे चोर नाहीत. नंबर जुळले. चूक माझी, आणि बोंबाबोंब केली ती आमच्या घराने. काका, तुमची गाडी उद्या ह्यांच्याकडेच जाणार."

काकांनी मान डोलावली. दादांनी मात्र डिकीत डोकं घातलं, डोळ्यांशी खोका धरून नंबर ताडून बघितले, मग सहदेवला वरून खाली न्याहाळलं.

"चोर नाहीस, ठीक. मग चार रविवार काय करत होतास?"

सहदेवला घाम फुटला. बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या क्षणी मी गप्प राहिले असते, तर त्याच्यावर पुन्हा संशय आला असता, आणि ह्या वेळी तो पुसता आला नसता.

"दादा, मला तो आवडतो," मी म्हणाले. "म्हणून मीच जात होते."

दादा हळूहळू बाकावर बसले आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"झिला, उभो कित्याक? बस. तू खंयचो रे?"

'कुठला तू' एवढंच विचारलं त्यांनी, पण आमच्या घरच्या मालवणीत, आणि परक्या माणसाशी दादा ती कधीच बोलत नाहीत. सहदेवला ते कुठे ठाऊक? तो घाबरून माझ्याकडे बघत राहिला, आणि मी वेड्यासारखी हसत डोळे पुसत होते.