निम्मी आमची, निम्मी तुमची

कोल्हापुरात वसंत आला हे कोकिळेच्या आधी नाकाला कळतं. पाडवा झाला की गल्लोगल्ली मिरच्या भाजायला घेतात आणि अख्खी पेठ शिंकायला लागते. अशाच एका सकाळी शांभवी तोंडाला ओढणी गुंडाळून चटणी कांडायच्या डंकावर नंबर लावून उभी होती. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट. लोकांचे आखडलेले खांदे सोडवणं हे तिचं रोजचं काम. पण वर्षाच्या चटणीपुढं कसली नोकरी नि कसलं काय! तिनं रजा टाकली होती.

निघताना तिच्या अव्वानं, आई शांतव्वानं, बजावलं होतं, "डब्यावरनं नजर काढू नको. घरची चटणी चुकली तर तुझ्या आप्पांना काय तोंड दाखवू?" आप्पा म्हणजे बसलिंगाप्पा, लक्ष्मीपुरीतले मिरचीचे जुने व्यापारी. त्यांच्या लिंगायत, शाकाहारी घरात देवानंतर चटणीच.

लोखंडी मुसळं धाडधाड आदळत होती. तेवढ्यात शेजारी एक उंच तरुण येऊन उभा राहिला. अंगात तालमीच्या फुटबॉल टीमच्या गोलकीपरची जर्सी, हातात भाजलेल्या मिरच्यांचा डबा आणि एकामागून एक शिंका.

"पावणं, पहिल्यांदाच आलाय वाटतं?" शांभवीनं विचारलं.

"आजीचा गुडघा धरलाय म्हणून मला धाडलं. नायतर आम्ही... आंक्छी!... आम्ही खाणारी माणसं, कांडणारी न्हवं."

"ते दिसतंयच की."

ती खळखळून हसली, ओढणी सुटली आणि मिरची डोळ्यांत गेली. त्यानं घाईघाईनं खिशातला रुमाल पुढं केला. तिनं डोळे पुसले... आणि दोन्ही डोळ्यांत वणवा पेटला!

"अवो, रुमालात लवंगी बांधून आणलीय काय?"

"आयला... मगाशी मी त्यानंच हात पुसलं!"

त्यानं बाटलीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. डंकवाल्या चिमणाबाई मुसळांच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "ए उदयसिंह, पोरीला आंधळी करतोस काय रं?" या सगळ्या गोंधळात दोघांच्याही चटण्या कांडून झाल्या. दोन्ही स्टीलचे डबे सारखेच, दोन्हींच्या तोंडाला पांढरं फडकं. एक त्यानं उचलून तिच्या गाडीवर ठेवला. शांभवीचा एकच डोळा उघडा होता आणि तोही डब्यावर नव्हता.

आठवड्याभरानं तो चिमणाबाईंकडून पत्ता काढून दवाखान्यात येऊन समोर बसला. मांडीवर पिशवी.

"कुठं दुखतंय?" तिनं मान वर न करताच विचारलं.

"जिभंला."

तिनं झटकन वर पाहिलं. तो हसत होता. गालावर खळी पडत होती, हे त्या दिवशी धुरळ्यात दिसलंच नव्हतं.

"तुमचा डबा आमच्यात आलाय," तो म्हणाला. "बिद्रीहून आत्याचा फोन आला. म्हणाली, आये, ह्यात खोबरं कुणी ओतलंय? ही आपली चटणी न्हवंच!"

नव्या चटणीचा पहिला वाटा सासरी गेलेल्या लेकींना जातो. शांभवीच्या घरातूनही निम्मा डबा निपाणीला ताईकडं गेला होता, आणि उरलेला मुरायला ठेवला होता म्हणून घरात अजून कुणी चाखला नव्हता. उदयसिंहाच्या आजीला, धोंडुबाईंना, तर चार लेकी. चौघींना वाटून शांभवीच्या घरची चटणी आता त्याच्या पिशवीतल्या डब्याच्या तळालाच राहिली होती.

"एवढीच परत नेली तर अव्वा झाकण उघडल्या उघडल्या ओळखंल," ती म्हणाली.

"मग... मिसळूया? निम्मी आमची, निम्मी तुमची. डबाबी भरलेला दिसंल आणि चवबी थोडी घरची राहील."

त्या संध्याकाळी शांतव्वा हळदीकुंकवाला गेल्यावर शांभवीनं घरातला डबा गुपचूप दवाखान्यात आणला. पेशंट गेल्यावर टेबलावर कागद अंथरून दोघांनी चटणी कालवली. बोटं मधूनच एकमेकांना लागत होती आणि दोघंही चटणीकडंच पाहत होती.

"गोलकीपर ना तुम्ही? साधा डबा ओळखता येत न्हाय?"

"हातात आलेलं मात्र सोडत न्हाय बघा." मग हळूच, "माझा रुमाल तुमच्याकडंच राहिलाय."

"धुवून देते की."

"नको... राहू दे."

पुढं चैत्र कसा सरला ते तिलाही सांगता आलं नसतं. बॉल लागून दुखावलेलं बोट दाखवायला तो येऊ लागला. बोट बरं झालं, येणं काही थांबलं नाही. अहो-जाहो कधी गळून पडलं तेही कळलं नाही. ती मैत्रिणींबरोबर स्टेडियमवर मॅच बघायला जाऊ लागली. एकदा तिच्याकडं बघण्याच्या नादात त्यानं सरळ हातातला बॉल सोडून गोल खाल्ला. बाहेर आल्यावर तिनं सगळ्यांदेखत सुनावलं, "परत असं केलंस तर मी येणार न्हाय!" पुढच्या मॅचला त्यानं पेनल्टी अडवली आणि शांभवीनं मारलेली शिट्टी ऐकून शेजारचे म्हातारे दचकले. तिला तो आवडला होता. साधं, सरळ, मनापासून आवडला होता.

रंकाळ्यावर भेळ खाताना तो बराच वेळ नुसता चिरमुरे चाळत बसला.

"शांभवी... आमच्यात बुधवार-रविवार मटण असतंय."

"ठाऊक हाय."

"म्हणजे तू खाऊ नको... पण त्या घरात तुला... जमंल?"

"पेनल्टी अडवताना एवढा घाबरत न्हाईस तू!"

"तिथं नुसता बॉल असतोय..."

तिनं त्याच्या हातातली भेळ काढून घेतली. "दोन शेगड्या मांडू. एकीवर तुझं, एकीवर माझं. चटणी तेवढी एकच."

त्यावर तो जे हसला, ते तिच्या डोळ्यांपुढून घरी पोचेपर्यंत हललं नाही. आणि घरी पोचते तर आप्पा म्हणाले, "रविवारी बेळगावचे पावणे येतायत तुला बघायला."

एकदा पाहुणे उंबरा चढले की आप्पांचा शब्द अडकला. मग माघार म्हणजे त्यांची चारचौघांत मान खाली. तेव्हा बोलायचं तर आत्ताच. रात्री जेवायला बसल्यावर ताटात झुणका-भाकरी होती, कडेला चटणीवर तेल. आप्पांनी घास मोडला.

"आप्पा, पावण्यांना येऊ नका म्हणून सांगा. मला एक मुलगा आवडलाय."

शांतव्वाच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली.

"कोण?"

"उदयसिंह. फौंड्रीत सुपरवायझर हाय. आपल्यातला न्हाय."

आप्पांनी मोडलेला घास ताटातच ठेवला. मग म्हणाले, "त्यांच्या घरची चव न्यारी, आपली न्यारी. रोजच्या ताटाला कसं जमायचं?"

"जमतंय की. महिना होत आला, तुम्ही तेच खाताय."

आणि तिनं डंकापासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. शांतव्वानं कपाळाला हात लावला. "शिव शिव! पोरी, चटणी बदलून आणलीस?"

आप्पांनी मात्र शांतपणे आणखी एक घास चटणीत बुडवला. "मला कळलं न्हाय वाटतं? जलम मिरचीत गेला माझा. पहिल्या घासालाच कळलं, ह्यात दुसरं घर हाय."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू रोज श्वास धरून माझ्या ताटाकडं बघायचीस. म्हटलं, पोरीचा जीव अडकलाय ह्यात कुठंतरी. सांगंल तवा सांगंल."

शांभवीनं त्यांचा उष्टा हात तसाच धरला.

"बेळगावला मी फोन करतो. रविवारी त्या पोराच्या घरच्यांनाच बोलाव," आप्पा म्हणाले. "पण एक हाय. त्यांची मिरची रंगाला लई कमी. औंदा चाललं. पुढच्या साली आपल्या दुकानातली ब्याडगी न्यायला सांग. सोयऱ्याच्या घरची चटणी फिकी निघाली तर लक्ष्मीपुरीत माझी काय अब्रू राहील?"

सोयऱ्याच्या! शांभवी ताटावरून उठली, तशीच गॅलरीत गेली आणि उदयला फोन लावून म्हणाली, "आप्पांना सगळं सांगितलं."

"काय म्हणाले?" पलीकडून उदय.

"तुमची चटणी फिकी हाय म्हणाले."

"...आणि?"

"आणि पुढच्या वर्षी मिरची आमच्या दुकानातनं न्यायची. डंकावर मात्र दोघांनी जायचं." ती हसली. "एकच डबा घेऊन."