शंभर मनवा

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात आता उपचार ठरवण्याआधी मूल मोठं करून बघायचे. खरं मूल खाटेवरच. मोठ्या व्हायच्या त्या त्याच्या जुळ्या प्रती. मेंदूचा स्कॅन, रक्त आणि जन्मतारीख दिली की संगणक अशा शंभर जुळ्या बनवायचा, सगळ्यांना तोच उपचार द्यायचा आणि वीस वर्षांपर्यंत वाढवायचा. तेही सकाळच्या चहाआधी!

मनवाच्या डोक्यातली गाठ काढून झाली होती. उरलेल्या पेशींसाठी डोक्याला आणि मणक्याला किरण द्यायचे होते. शंभरातल्या एक्क्याऐंशी मनवा जगल्या, शिकल्यासुद्धा. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, संमतीचा फॉर्म पुढं ओढला आणि त्यांच्या थोरल्या मुलीनं, दहावीतल्या शर्वाणीनं, त्यावरची जन्मतारीख वाचली. एक जून.

एक जून म्हणजे त्यांच्या घराण्याचा सणच. आजोबा, अप्पा, दोन्ही काका, सगळ्यांना मास्तरांनी शाळेत घालताना त्याच दिवशी जन्माला घातलेलं. पण मनवा जानेवारीतली. तिचं शाळेचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून अप्पांनी ग्रामपंचायतीत तिला सात महिने मोठी करून घेतली होती. कागदावर सव्वातीन वर्षांची मनवा खरी तीनचीही नव्हती.

शर्वाणीनं त्यांना बाहेर नेऊन सांगितलं, की तीनच्या आतल्या मुलांना हे किरण शक्यतो देत नाहीत, कोवळा मेंदू होरपळतो. अप्पा दातओठ खात म्हणाले, सात महिन्यांनी काय आभाळ कोसळत नाही, आलेल्या एक्क्याऐंशीला नजर लावू नकोस.

"दोन बुकं वाचलीस म्हणून डॉक्टर झालीस का गं?"

"खोटं तुम्ही लिहिलंत. भोगायचं तिनं?"

अप्पांचा हात उठला. ती मागं सरली नाही. वळली आणि थेट मनवाच्या डॉक्टर बागवानबाईंच्या खोलीत शिरली. मागोमाग अप्पाही.

बाई दोघांवरही भडकल्या. हाडं वयाच्या मानानं लहान दिसतायत हे त्यांना खटकलं होतं, पण दाखल्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता. त्यांनी संगणकात खरी तारीख घातली आणि मनवा पुन्हा वाढवल्या, शंभर किरण देऊन, शंभर न देता.

किरण दिलेल्या आताही तेवढ्याच, एक्क्याऐंशी जगल्या. पण त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींना विसाव्या वर्षीही ड्रेसची बटणं दुसऱ्यानं लावून द्यावी लागत होती. किरण न देता नुसत्या जालीम औषधांवर ठेवलेल्या चौसष्ट जगल्या. त्यांतल्या बहुतेक कॉलेजात जात होत्या, आईशी तावातावानं वाद घालत होत्या.

आपण जिंकलो, असं वाटून शर्वाणीनं पडद्यावरच्या दुसऱ्या, बिनकिरणांच्या रांगेकडं बोट केलं.

अप्पांनी पेन तिच्यापुढं आपटलं.

"एक्क्याऐंशीतून चौसष्ट गेले, किती राहिले?"

"सतरा."

"आपली मनवा त्या सतरांतली नाही, एवढं फक्त सांग. मी आत्ता सही करतो. सांगतेस?"