नऊ दिवसांची शांतता

"सगळी सूत्रं गेली!" रंगाच्या कारखान्याचा मालक फोनवर ओरडला. "तुमच्याच भावाचा हलगर्जीपणा. तरी तपासाला येता?"

"म्हणूनच येते," तपासनीस ताई म्हणाल्या.

धाकटा भाऊ तिथे कॉम्प्युटरची राखण करायचा. आता निलंबित, आणि संध्याकाळी त्याच्या नावाने पोलिसांत तक्रार जाणार होती. सकाळपासून तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. ज्याने हे केलं त्याला ताई सोडणार नव्हत्या, हात जोडले तरी.

प्रयोगशाळेत कॉम्प्युटर एकच. पासवर्ड सगळ्यांचा मिळून एक, तोही कीबोर्डखाली चिकटवलेला. सूत्रं चोरीला जातील या भीतीने मालकाने दुसरी प्रतच ठेवली नव्हती. धन्य ती सुरक्षा! ताईंनी कपाळाला हात लावला.

प्रयोगशाळेचे साहेब काठी टेकत आले.

"ते राखणीचं सॉफ्टवेअर रोज दुपारी बोंबलायचं, सूत्रांच्या फाइलला कुणीतरी हात लावला म्हणून. बघावं तर अक्षर इकडचं तिकडे नाही. लांडगा आला रे आला! शेवटी तुमच्या भावाने कंटाळून इशाराच बंद केला. दुसऱ्या दिवशी फाइल साफ."

"पायाला काय झालं?"

"गुडघ्याचं ऑपरेशन. गेल्या महिन्यात."

सॉफ्टवेअर बसवणाऱ्या तंत्रज्ञाला ताईंनी फोन लावला. "दोष होता?"

"मुळीच नाही. फाइल उघडून नुसती सेव्ह केली, तरी ते ओरडतं."

भाऊ प्रत्येक इशारा वहीत हाताने लिहायचा, लहानपणापासूनची खोड. ताईंनी तीन महिन्यांची पानं हजेरीपटाशेजारी ठेवली. मग मालकाला आणि साहेबांना बोलावलं.

"इशारा कामाच्या प्रत्येक दिवशी आलाय. मधले नऊ दिवस मात्र सॉफ्टवेअर गप्प. त्या नऊ दिवसांत एकच माणूस रजेवर होता." त्या साहेबांकडे वळल्या. "सॉफ्टवेअरला काय गुडघे असतात, साहेब?"

साहेबांनी हजेरीपट स्वतःकडे ओढला.

"रोज जेवणाच्या सुट्टीत तुम्ही फाइल उघडून काही न बदलता सेव्ह करायचात. इशारा यायचा, खोटा ठरायचा. माझ्या भावाला त्याचा वीट येईपर्यंत तुम्ही हे केलंत. त्याने इशारा बंद केला, आणि तुम्ही डाव साधलात."

"पण का?" मालक पुटपुटला.

"का?" साहेब उसळले. "पंचवीस वर्षं या रंगांत हाडं झिजवली, आणि खुर्ची तुमच्या जावयाला!"

"सूड मालकावर होता ना? मग दोष माझ्या पोराएवढ्या भावाच्या गळ्यात का बांधलात?"

साहेब खाली बघत म्हणाले, "तो आयताच सापडला."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांनी हात जोडले. "ताई, माझं वय बघा."

"काल तोही हात जोडत होता. तुम्ही बघितलंत?" टेबलावरची टाइप केलेली तक्रार त्यांनी मालकापुढे सरकवली. "संध्याकाळीच जाऊ दे. फक्त नाव बदला."