सहदेवच्या ताटातलं काय?

वनमालावर आळ आला तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. ना राग, ना रडू. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत ती आपली भांडी विसळत राहिली.

लठ्ठपणापायी तिच्या नवऱ्याच्या, सहदेवच्या आतड्याचा बायपास झाला होता. मग लघवीत ऑक्झलेट वाढलं, मुतखडे झाले. डॉक्टरांनी पालक, अळू, चहा, शेंगदाणे बंद केले, तेलतूप कमी केलं, दोन्ही जेवणांत कॅल्शियमच्या गोळ्या आणि भरपूर पाणी सांगितलं. सगळं आटोक्यात आलं होतं. गणपतीनंतर मात्र ऑक्झलेट पुन्हा चढलं. आता किडनी जाईल, असं डॉक्टर म्हणाले. सून चोरून अळू घालते, असं सासूबाईंनी, सुगंधाबाईंनी ठरवूनच टाकलं. शाबीत झालं की वनमालाची रवानगी माहेरी, मानखुर्दला. शाबीत करायला सहदेवनं खासगी गुप्तहेर जानकी राणे यांना बोलावलं होतं.

जानकीबाईंचा मदतनीस बाळ भाजीची टोपली उपसत होता. "दुधी, कोबी, पडवळ. मॅडम, अळूचं पान शपथेला नाही!"

"बाहेर काही खाता?" जानकीबाईंनी सहदेवला विचारलं.

"चहासुद्धा नाही. दोन्ही वेळ हिच्या हातचंच."

सुगंधाबाई फणकारल्या. "गणपतीक गावसून इलंय, तेव्हापासून माजी नजर आसा. हिचो काय भरवसो? गोळये पण मीच दितंय, फाटफटी, अनशापोटी."

"वनमालाताई, स्वयंपाकात काही बदललंत?"

"नाही. तेच जेवण."

जानकीबाई खालच्या दुकानातून फोन करून आल्या.

"अळू घातलाच ना हिनं?" सहदेवनं विचारलं.

"ताटात काही आलं नाही. ताटावरून गेलं."

बाळ गोंधळला. "काय गेलं?"

"गोळी. थोडं ऑक्झलेट सगळ्याच भाज्यांत असतं. घासाबरोबर पोटात गेलेलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं आणि बाहेर काढतं. पहाटे रिकाम्या पोटी ते धरणार काय? दुपारचं ऑक्झलेट मग सरळ रक्तात, तिथून किडनीत. गणपतीनंतर या घरात एवढंच बदललं. आत्ता डॉक्टरांना विचारून आले."

सुगंधाबाईंनी गोळ्यांची डबी हातात घेतली. "माज्या झिलाक मीच..."

"मायेपोटी केलंत," जानकीबाई म्हणाल्या. "औषध अनशापोटी घ्यायची आपली सवयच असते. उद्यापासून जेवताना द्या."

सहदेवनं घसा खाकरला. "वनमाला, मानखुर्दला जायला नको आता."

वनमालाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटेना. या माणसासाठी आत काही उरलंय का, हे तिनं चाचपून पाहिलं, आणि काहीच हाताला लागलं नाही याची तिला भीती वाटली.

"जाते मी," ती म्हणाली.

"का गं? तुझी चूक नाही, कळलं ना आता!"

"दोन्ही वेळ माझ्यासमोर बसून जेवत होतात. प्रत्येक घासाला तुमच्या मनात तोच संशय होता."

वनमालानं त्याच्यासाठी भात वाढून ठेवला आणि पायांत चपला सरकवल्या.