मागून न घेतलेलं नाव

बातमी आली त्या दिवशी मी अंगणात बसून आमच्या लामा जनावरांच्या लोकरीतले काटे वेचत होते. दवाखान्यातली परिचारिका चालत आली, माझ्यासमोर बसली आणि तीही काटे वेचू लागली. मूठभर काटे वेचून झाल्यावर म्हणाली, "डॉक्टरांची गाडी खाली पोचली, नेमेसिया. सातुर्निनो गाडीत नव्हता."

माझा धाकटा भाऊ. इथल्या ज्वालामुखीवर वाटाड्या म्हणून त्याला वीस वर्षं झाली होती. आम्ही त्या डोंगराला आजोबा म्हणतो. सहा हजार मीटरवर, जिथे गवताची काडीही उगवत नाही, तिथे आजोबांच्या अंगातून गरम वाफ येते आणि त्या वाफेभोवती वीतभर हिरवं शेवाळ धरतं. डॉक्टर ओल्मेदो दवाखान्यातले नव्हेत, शहरातल्या प्रयोगशाळेतले; त्यांना त्या शेवाळातले सूक्ष्मजीव हवे होते.

पुढचं सगळं मला त्यांच्या मदतनीस मुलीने, ब्रेंडाने सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

चढताना वाटाड्या वाटेवरच्या दगडांच्या राशीपाशी कोकाची, आम्ही चघळतो ती पानं ठेवतो आणि एकेकाचं नाव आजोबांना सांगतो. उतरताना तिथेच थांबून एकेक नाव परत मागून घेतो. स्वतःचं सगळ्यांत शेवटी. मागून न घेतलेलं नाव आजोबांकडेच राहतं. त्या दुपारी सातुर्निनोने डॉक्टरांचं नाव मागितलं, ब्रेंडाचं मागितलं, आणि तेवढ्यात डॉक्टरांच्या लक्षात आलं की नमुन्यांची एक पेटी वरच राहिली आहे.

"उरलेलं नंतर, सातू," ते म्हणाले. "आधी पेटी आण."

तो परत वर गेला आणि पांढरा वारा, म्हणजे हिमवादळ, सुटला. डॉक्टरांनी तासभर वाट पाहिली. मग पेट्यांतला बर्फ वितळून नमुने मरतील म्हणून गाडी काढली.

चौदा महिन्यांनी ते पुन्हा आले. दारात उभे राहून म्हणाले, "मला फार वाईट वाटतं, बाई. पण तुमच्याइतकी वाट कुणाला माहीत नाही."

मी येते म्हणाले. मला भाऊ हवा होता. तो मिळणार नसेल, तर त्याच्या बदल्यात काहीतरी हवं होतं.

राशीपाशी मी पानं ठेवली. ब्रेंडा, ओल्मेदो, नेमेसिया. तिन्ही नावं स्पष्ट सांगितली.

"आमचे पगार पण सांगून टाका," डॉक्टर हसत म्हणाले. "आजोबा वाढवून देतील."

वर पोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं. वाफ सरळ वर जात होती. शेवाळाच्या कडेला ती पेटी ठेवलेली होती. चौदा महिने बर्फात राहिलेली पेटी. पण कोरडी होती, आणि हात लावला तर कोमट. वरच्या चिठ्ठीवर सातुर्निनोचं वाकडं अक्षर होतं. तारीख तो हरवला त्या दिवशीची होती.

"ब्रेंडा, ही थट्टा आहे का?"

"मी नाही, डॉक्टर... मी तर तुमच्या मागे होते."

मग वास आला. चघळलेल्या कोकाचा, आणि भिजलेल्या लोकरीच्या टोपीचा. सातुर्निनोची ती टोपी मीच विणली होती. वारा पूर्ण पडलेला होता. वाफेच्या भोकातून, अगदी जमिनीलगत, कुणीतरी हळू बोलत होतं. वाटाड्या नावं परत मागताना पुटपुटतो तसं.

"ब्रेंडा..." मग थोडा वेळ काही नाही. "नेमेसिया..."

आम्ही तिघंही थांबून राहिलो. डॉक्टरांचं नाव आलं नाही.

डॉक्टरांचे ओठ पांढरे पडले होते. तरी त्यांनी पेटी उचलली. म्हणाले, "वाफ अशीच आवाज करते."

उतरताना मी राशीपाशी बसले. ब्रेंडाचं नाव मागितलं, माझं मागितलं. सातुर्निनोचंही मागितलं. राशीतला एक दगडही हलला नाही. मी उठले आणि पिशवी बांधली.

"माझं विसरलात, बाई," डॉक्टर म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते.

"उरलेलं नंतर, डॉक्टर. तुमचे नमुने मरतील."

परवा ब्रेंडाचा फोन आला. डॉक्टर प्रयोगशाळेत एकटे थांबत नाहीत, म्हणाली. त्या पेटीतल्या काचेच्या ताटल्यांना आतून रोज दुपारी वाफ धरते. कुणी तोंड जवळ नेऊन फुंकर मारावी तशी. झाकणं मेणाने बंद आहेत. डॉक्टरांचे हातपाय गार पडलेत. बाहेर उन्हाळा आहे, आणि ते कोट घालून खिडकीशी बसतात. आपण अजून खाली उतरलोच नाही, असं म्हणतात.

"नेमेसिया बाई," ती म्हणाली, "ते फक्त एवढंच विचारतात... तुम्ही राशीपाशी कधी जाणार?"

रास माझ्या घरापासून दीड दिवसावर आहे. पानं पिशवीत आहेत, हवाही चांगली आहे. त्यांचं नाव मी अजून मागून घेतलेलं नाही.