तुमच्याआधी घेते हं

चहा क्लबात चहा घोटभर आणि नमनाला घडाभर तेल. म्हणूनच शाळेतली बहुतेक पोरं बेसबॉलकडे नाहीतर बँडकडे पळत आणि टेकडीवरच्या जुन्या इमारतीतली चटयांची खोली तीन मुलींच्या वाट्याला आली होती. हिरव्या चहाची पूड गरम पाण्यात घुसळायला सुमिरे, बोलायला मिरचीसारखी. पहिल्या पाहुणीच्या जागी हिनाको, यंदाच शाळेत आलेली आणि सदा भुकेली. शेवटच्या जागी नागिसा, सुमिरेच्याच वर्गातली. कोपऱ्यात ओकाबे बाई बसत आणि कुणाची पाठ वाकते त्यावर नजर ठेवत.

वाडगा एकच असे. पहिल्या पाहुणीने थोडा चहा प्यायचा, कड पुसायची आणि वाडगा पुढे द्यायचा. पण ओठाला लावण्याआधी शेजारणीकडे वळून वाकायचं आणि म्हणायचं, "तुमच्याआधी घेते हं. राग मानू नका." शेवटच्या पाहुणीला हे कुणाला म्हणायचं नसे. तिने तळ गाठायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा भुरका मारायचा, म्हणजे संपला. तो भुरका ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही. गुडघे मोडून टाचांवर बसलेल्या मुली त्या भुरक्याची चातकासारखी वाट बघत.

उन्हाळ्यापर्यंत शेवटच्या जागी तोकीताई बसायची. परीक्षेच्या अभ्यासासाठी वरच्या वर्गातल्या मुली क्लब सोडतात, तशी तीही गेली आणि नागिसा तिच्या जागेवर सरकली. माणूस सरकलं तरी सवय सरकत नाही. पहिल्याच दिवशी नागिसा पलीकडच्या रिकाम्या चटईकडे वळली, वाकली आणि म्हणाली, "तुमच्याआधी घेते हं. राग मानू नका."

हिनाको फिसकन हसली. सुमिरे म्हणाली, "बोलावलंयस ना बाई, मग आता उपाशी नको ठेवूस तिला." बाईंनी मात्र गंभीरपणे सांगितलं, की एकदा बोललेलं या खोलीत मागे घेत नाहीत. नागिसाने दोन घोट घेतले, कड पुसली आणि वाडगा रिकाम्या जागेसमोर ठेवला.

क्षणभराने भुरका ऐकू आला. वाडगा कोरडा होता. हिनाकोला वाटलं नागिसाने चेष्टा केली, नागिसाला वाटलं हिनाकोने. बाहेर येऊन बूट घालताना दोघींनी एकमेकींना विचारलं, आणि मग हा विषय कुणीच काढला नाही.

पुढच्या गुरुवारी क्लब भरला, तेव्हा नागिसाने ठरवलं, की वळायचंच नाही. तिने वाडगा तोंडाला लावला आणि पीत राहिली. कितीही प्यायली तरी तळाशी घोटभर हिरवा चहा उरेच. पोट तुडुंब भरलं, पायांना मुंग्या आल्या, हिनाको रडकुंडीला आली. शेवटी नागिसा मुकाट्याने शेजारी वळली, वाकली आणि ठरलेले शब्द म्हणाली. भुरका आला, पण बऱ्याच वेळाने. त्यानंतर दर गुरुवारी तो उशिरा उशिराच येऊ लागला. सुमिरेने एकदा बाईंना विचारलंही. बाई म्हणाल्या, की पाहुण्यांना घाई करायची नसते.

नागिसाने जीव मुठीत धरून दिवस काढले, कारण ती सुटणार होती. शहरातल्या मोठ्या शाळेत तिला जागा मिळाली होती आणि मावशीकडे राहायचं ठरलं होतं. निघायचा दिवस नेमका गुरुवार निघाला. क्लब संपला, की टेकडी उतरून संध्याकाळची बस धरायची. आई सामान घेऊन थांब्यावर येणार होती. शेवटच्या दिवशी क्लबला जात नाही, असं नागिसाने आईला परोपरीने सांगून पाहिलं. आईही याच खोलीत गुडघे मोडून मोठी झालेली. थांब्यावर शेजारी अनोळखी माणूस उभं राहिलं, तरी वाकून दोन शब्द बोलल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"शेजारणीचा निरोप न घेता उठून यायचं, हे आपल्या घरात बसत नाही, नागिसा," ती म्हणाली.

त्या दिवशी सुमिरेने चहा घुसळला. हिनाको प्यायली. नागिसा वळली, वाकली, शब्द म्हणाली, प्यायली आणि तिने वाडगा रिकाम्या जागेसमोर ठेवला. खिडकीच्या फटीतून खालचं वळण दिसत होतं. वळणावर बसचे दिवे आले.

भुरका आला नाही.

त्याऐवजी रिकाम्या जागेवरून एक मऊ आवाज पलीकडे वळून म्हणाला, "तुमच्याआधी घेते हं. राग मानू नका."

पलीकडे भिंत होती. नागिसाने खाली पाहिलं, तर चटईवर वाडगा नव्हता.

मग भिंतीच्या आतून कुणीतरी तेच म्हणालं. मग भिंतीच्या बाहेरून.

"नागिसाताई," हिनाको पुटपुटली, "किती जणी आहेत गं त्या?"

नागिसाने उठायचा प्रयत्न केला. पाय तिचे राहिलेच नव्हते. तळवे चटईवर रोवून तिने जोर लावला, पण गुडघे जागचे हलले नाहीत.

"पाठ सरळ," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्यांनाही उठता येत नव्हतं.

आवाज टेकडी उतरू लागले. सायकली ठेवतात तिथे एक. पर्सिमनच्या झाडाखाली एक. पायऱ्यांच्या शेवटी एक, म्हाताऱ्या बाईचा. सगळे आदबशीर, सगळे शेजारी वळून बोललेले. नागिसा मनातल्या मनात देवाची करुणा भाकत होती, की या उतारावर एक तरी उद्धट निघो, एकजण तरी न वळता वाडगा संपवो.

बस थांब्यावर थांबली. खाली हॉर्न वाजला.

मग थांब्यावरून एक आवाज आला, बारीक पण स्वच्छ. नागिसाला बोलायला शिकवलं होतं त्याच आवाजाने.

"तुमच्याआधी घेते हं," आई बसमध्ये चढणाऱ्या कुणालातरी म्हणाली. "राग मानू नका."

बसचं दार लागलं. गुरुवारच्या बाजाराची गर्दी घेऊन खच्चून भरलेली बस शहराकडे निघाली. ओकाबे बाईंनी सुमिरेला आणखी पाणी तापतं ठेवायला सांगितलं.